चेचीची भेंडी

फेब्रुवारी सरत आला की दुबईत, आमच्या ऊद मेथाच्या फुटपाथवर पारदर्शक पाऊच दिसायला लागतात. आत दोन-तीन निळी पेनं, पट्टी, हॉल तिकीट, आणि एखाद्या काळजीवाहू आईने कोंबलेली अंगाऱ्याची पुडी. सकाळी धुकं असतं. गाड्या दिवे लावून शाळेच्या गेटापाशी रांगेत उभ्या राहतात आणि मुलं उतरता उतरता शेवटचं पान वाचत असतात. मी कोपऱ्यावर ऑफिसच्या गाडीची वाट बघत हे सगळं पाहते. माझ्या घरात आता पाऊच नाही. इरा, माझी एकुलती एक मुलगी, पुण्याला कॉलेजात आहे आणि तिच्या परीक्षेच्या तारखा मला व्हॉट्सॲपवर, त्याही विचारल्यावर कळतात. तरी या दिवसांत माझ्या पोटात कालवाकालव होते. लोकांना वाटतं, परीक्षेच्या आठवणीने होत असेल. परीक्षेने नाही होत. भेंडीने होते.

मत्सर हा शब्द फार भारदस्त आहे. तो राण्यांना शोभतो. मला जे झालं त्याला आपल्याकडे पोटात दुखणं म्हणतात, आणि माझ्या खरोखरच पोटात दुखलं. शेजारणीच्या मोठ्या फ्लॅटवर, तिच्या नवऱ्याच्या बोनसवर, तिच्या न पिकलेल्या केसांवर जळणाऱ्या बायका मी इथे पुष्कळ पाहिल्या. त्यात काही विशेष नाही. शेजारणीच्या भेंडीवर जळणारी मात्र मी एकटीच निघाले.

ती शेजारीण म्हणजे बिंदू चेची. आमच्या समोरचंच दार. चेची म्हणजे मल्याळममध्ये मोठी बहीण. वयाने ती माझ्याहून लहान आहे, पण वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या पेशावरी आजोबांपर्यंत सगळी बिल्डिंग तिला चेची म्हणते, तेव्हा मी एकटीने बिंदू म्हणून काय मोठा पराक्रम करणार होते! ती केरळातल्या पालक्काडची. पूर्वी शाळेत केमिस्ट्री शिकवायची, आता घरी शिकवते. नवरा बँकेत, मुलगा कॅनडात. इरा बारावीला गेली तेव्हा तिला केमिस्ट्रीसाठी चेचीकडे घालायचं ठरलं. ही कल्पना माझ्या नवऱ्याची होती, त्यामुळे निदान त्याच्यावर चिडण्याची सोय आहे.

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका पॅकेजिंग कंपनीत पर्चेस बघते. सकाळी धुक्यात निघायचं, संध्याकाळी अंधार पडल्यावर यायचं. नवरा आठवडाभर अबुधाबीला, खलिफा सिटीत साइटजवळच राहतो आणि शुक्रवारी उगवतो. बोर्डाची परीक्षा सुरू झाली तेव्हा मी पहाटे उठून पोळ्या करायचे, भाजी करायचे, डबा फ्रिजमध्ये ठेवायचे आणि फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावायचे, ‘मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं.’ पेपर दुपारी सुटायचा. इरा घरी येते, डबा गरम करते, जेवते, झोपते, उठून अभ्यासाला बसते, असं चित्र मी ऑफिसात बसून मनात रंगवलं होतं. डबा संध्याकाळी धुतलेला असायचा. धुतलेला डबा बघून कुठल्या आईला संशय येईल?

मग रमजान सुरू झाला. रमजानात ऑफिसची वेळ कमी होते. दुपारी अडीचला आमच्या मॅनेजरने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "खलास, यल्ला, गो होम." मी इतकी खूश झाले की वाटेत इरासाठी आइस्क्रीम घेतलं. घरी आले. कुलूप. फ्रिज उघडला तर डबा जागच्या जागी, भरलेला. आणि समोरचं दार अर्धवट उघडं. बाहेर चपलांच्या रांगेत इराचे शाळेचे बूट. आतून खोबरेल तेलाचा वास येत होता. आपल्याकडे खोबरेल डोक्याला लावतात, त्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं, चेची हिच्या डोक्याला तेल घालतेय. तेही मला आवडलं नसतं. पण प्रकार त्याहून वाईट होता.

इरा जेवत होती. खुर्चीवर मांडी घालून, हाताने, बोटांना भात लागलेला. ताटात भात, त्यावर ताकाची पिवळी कढी, आणि बाजूला भेंडीचा हिरवागार ढीग. ती भेंडी खात होती.

याचं महत्त्व कळायला इराचा आणि भेंडीचा इतिहास माहीत हवा. लहानपणी तिने पहिल्यांदा भेंडी तोंडात घातली, बाहेर काढली आणि म्हणाली, "आई, इट्स स्लायमी." त्यानंतर मी काय काय केलं नाही! दाण्याचं कूट घालून केली, आमसूल घालून केली, चिंचगूळ घालून केली, मसाला भरून केली, कुरकुरीत तळली, दह्यात बुडवली. एकेक भेंडी कोरड्या फडक्याने पुसली, तान्ह्या बाळाला पुसावं तशी. ती प्रत्येक वेळी दोन बोटांच्या चिमटीत चकती धरून ताटाच्या कडेला रचायची. शेवटी मी हात टेकले. पोरीला भेंडी आवडत नाही, असं जाहीर करून टाकलं आणि माझी भेंडी मी एकटी खाऊ लागले.

"आई! यू आर अर्ली!" इरा म्हणाली. माझं काही चुकल्यासारखं म्हणाली.

"आओ ना, बैठो," चेची स्वयंपाकघरातून आली. "खाना खाया?"

"नहीं, मैं घर जाके खाऊंगी." मग इराकडे वळून मी विचारलं, "काय खातेयस?" दिसत होतं तरी विचारलं.

"वेंडक्का उप्पेरी," ती म्हणाली.

मला ऐकू आलं ते ‘उपरी’. खांद्याला पर्स, हातात वितळणारं आइस्क्रीम, चपला काढायच्या की नाही ते ठरत नव्हतं, अशी मी दुसऱ्याच्या दारात उभी होते. आपल्याकडे उपरा म्हणजे बाहेरून आलेला, आपल्यातला नसलेला. बाईमाणूस असेल तर उपरी. क्षणभर मला खरंच वाटलं, पोरगी माझी ओळख करून देतेय.

"कोण उपरी?" माझा आवाज चढला.

"व्हॉट? उप्पेरी, आई. मीन्स सुकी भाजी. व्हाय आर यू शाउटिंग?"

चेचीला वाटलं मला पाककृती हवी आहे. ती उत्साहाने म्हणाली, "हमारे पालक्काड में उप्पेरी बोलते हैं. नीचे साउथ में उप्पेरी मांगो तो केला चिप्स देगा!" आणि दोघी हसल्या. हा विनोद त्यांच्यात आधीच होऊन गेलेला होता, हे त्या हसण्यावरून कळलं. मी घरी आले, आइस्क्रीम फ्रीझरमध्ये टाकलं आणि डब्यातली गवारीची भाजी थंडच खाल्ली.

त्या शुक्रवारी नवरा आला तेव्हा मी सगळं सांगितलं. धुतलेल्या डब्यांचंही सांगितलं. त्यातली पोळीभाजी इरा दुपारी चेचीच्या टेबलावर ठेवायची, चेची आणि तिचा नवरा ती आवडीने खायचे. फक्त त्या दिवशी डबा न्यायचा राहिला होता. म्हणजे माझ्या पहाटेच्या पोळ्यांवर शेजाऱ्यांची जेवणं होत होती आणि माझी मुलगी तिथे भात कालवत होती. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भेंडीच आहे ना? भाजी पोटात जातेय, जाऊ दे की." पुरुषांना वाटतं भाजी पोटात गेली की संपलं.

त्या वर्षीचा तो सगळा महिना मला वासांनी आठवतो. हवा अजून गार होती, खिडक्या उघड्या असायच्या. संध्याकाळी मगरिबच्या अजानआधी खालच्या हॉटेलातून समोशांचा, गहू-मटणाच्या हरीसचा वास यायचा, आणि दुपारी, मी घरी पोचायच्या वेळी, चेचीच्या खिडकीतून मोहरी तडतडल्याचा, कढीपत्त्याचा, लाल मिरचीचा. लिफ्टमधून बाहेर पडलं की तो मला आधी गाठायचा आणि मग माझं घर यायचं. माझ्या घराला कसला वास येतो ते मला माहीत नव्हतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही म्हणतात. पण तेव्हा मला वाटायचं, येत नाही कारण नाहीच.

मी भाषेवरही जळायला लागले. एका रात्री इराला दुसरी पोळी वाढत होते. ती ताटावर हात धरून म्हणाली, "मदी, आई."

"काय मधी?"

"मदी. मीन्स इनफ. सॉरी, निघून गेलं तोंडातून."

आमच्या गावाकडे मदी म्हणजे आत. मदी ये, मदी बस. आणि इथे माझी मुलगी माझ्याच ताटावर हात आडवा धरून मला मदी म्हणत होती. मी पोळी परत डब्यात ठेवली. पुरे म्हणायला तिला आपला शब्द आठवला नाही, हे मला लागलं. ‘इनफ’ म्हणाली असती तर लागलं नसतं. इंग्रजीची आपल्याला सवय झालीय, ती कुणा एकीच्या घरची नाही.

शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. त्यांच्याकडेही तीच निघाली, आणि त्यामुळे आमच्यात युद्ध पेटलं. चेचीने उप्पेरी पाठवली की मी त्या डब्यातून पुरणपोळ्या पाठवायची. तिने पायसम पाठवलं की मी श्रीखंड. तिने इडल्या, मी थालीपीठं. चेचीला हे युद्ध आहे याचा पत्ताच नव्हता, ती आपली दर वेळी "अय्यो, क्यों तकलीफ करते?" म्हणायची. मी चिंचगुळाची आमटी पाठवली तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ती अडखळत म्हणाली, "दाल बहुत अच्छा था. लेकिन वो... मीठा डिश है ना? हमने खाने के बाद खाया." आमची आमटी त्यांनी गोड म्हणून, वाटीत घेऊन, चमच्याने खाल्ली होती. इराला हे सांगितलं तर ती सोफ्यावरून खाली पडेपर्यंत हसली. मला त्या हसण्यातही ती कोणाच्या बाजूने हसतेय ते बघायचं होतं.

एकदा तर आम्ही बाजारातच समोरासमोर आलो. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात ओमानची भेंडी आली होती, कोवळी, लवदार. वर अरबीत बामिया लिहिलेलं. मी टोपलीपाशी उभी राहून एकेकीचं टोक मोडून बघत होते. मोडलं तर कोवळी, वाकलं तर जून. आणि टोपलीच्या पलीकडून तसाच कट् कट् आवाज येत होता. चेची. आम्ही दोघी हसलो, बरंच गोड हसलो, आणि नंतर इतक्या वेगाने टोकं मोडायला लागलो की दुकानातला पोरगा ओरडला, "मॅडम, तोडने का नहीं!" शेवटी चेचीने तिच्या पिशवीतल्या मूठभर भेंड्या माझ्या पिशवीत टाकल्या. "इरा को आप बनाओ आज," म्हणाली. तिने ते प्रेमाने म्हटलं होतं, आणि नेमकं त्यामुळेच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मुलीला मी काय करून घालायचं याची परवानगी आता मला टोपलीपाशी मिळत होती.

तरी मी केली. उप्पेरीच करायची ठरवली. चेचीकडे जाऊन विचारणं जिवावर आलं होतं, पण तिच्या स्वयंपाकघरात येता जाता मी बघून ठेवलं होतं. यात बघण्यासारखं काही नव्हतंच, हेच तर दुःख होतं. ना वाटण, ना मसाला. भेंडी धुऊन टॉवेलवर पसरून वाळवायची, पातळ चिरायची. लोखंडी कढईत खोबरेल तेल, मोहरी, कढीपत्ता. लहान लहान सांबार कांदे आणि सुक्या मिरच्या खलबत्त्यात ओबडधोबड ठेचून त्यात टाकायच्या. मग भेंडी, हळद. झाकण नाही. मीठ अगदी शेवटी. आणि मुख्य म्हणजे ढवळायचं नाही. चेची कढईकडे पाठ करून सरळ इराला रासायनिक समीकरणं विचारत उभी राहायची. मी एकदा न राहवून म्हटलं होतं, "लग जाएगा ना नीचे?" तर म्हणाली, "छोड दो. उसको मालूम है."

रविवारी मी कढई चढवली. सगळं तस्संच केलं. खोबरेल तापलं, मोहरी तडतडली, घरभर समोरच्या घराचा वास सुटला आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. भेंडी टाकली. ढवळायची नाही म्हणून मी उलथनं ओट्यावर लांब ठेवलं, आणि हात मोकळा झाला. मोकळा मराठी हात काय करतो? तो फडताळाकडे जातो. मला कळायच्या आत गुळाचा खडा कढईत पडला होता. पडला तर पडला, आता गूळ आहे तर कोकम हवं म्हणून दोन आमसुलं. आणि पाणी सुटलंय असं वाटलं म्हणून, ते शोषून घ्यायला, मूठभर दाण्याचं कूट. हे सगळं हातांनी केलं. मी फक्त उभी होते. पंचवीस वर्षं जे हात एकच भेंडी करत आले त्यांना तुम्ही एका रविवारी पालक्काडला न्यायला निघालात तर ते अर्ध्या वाटेत उतरून घरी परत येणारच.

इराने एक घास घेतला. मी समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, पेपर तपासणाऱ्या मास्तरांकडे मुलं बघतात तसं. तिने घास गिळला. "छान आहे," ती म्हणाली. ती मुलगी भली आहे, मला दुखवायचं नव्हतं तिला. "बट आई, धिस इज भेंडीची भाजी. विथ कोकोनट ऑइल."

तेलही गेलं, तूपही गेलं.

ऑफिसात माझ्या शेजारी हनान बसायची, इजिप्तची. रोजा असूनही दिवसभर इतरांच्या खाण्याबद्दल ती आपुलकीने ऐकायची. मी तिला ही भानगड सांगितली. तिने डोळे मोठे केले. "यू आर क्राइंग फॉर बामिया? हबीबती!" मी रडत नव्हते. पण रडत नव्हते हे तिला सांगता सांगता मी तिचे टिश्यू संपवले. तेव्हा मला धडपणे कळलं की भेंडीचं एवढं काही नाही. पोरगी ऑगस्टमध्ये जाणार होती. तिचे माझ्या घरातले शेवटचे काही महिने उरले होते आणि त्यातल्या दुपारी, ज्या मला आयुष्यात पहिल्यांदा रमजानच्या कृपेने मोकळ्या मिळाल्या होत्या, त्या समोरच्या घरात खर्च होत होत्या. माझ्या वाट्याला संध्याकाळची दमलेली, जेवून आलेली मुलगी यायची. चांगला भाग दुसरीच्या ताटात, आणि मला कडेला काढून ठेवलेला. मला हेवा वाटत होता, आणि तो काही उगाच नव्हता.

केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशी मी फोन टेबलावर उताणा ठेवून बसले होते. बारा वाजून गेले. पेपर सुटला की पहिला फोन आईला, ही ज्युनिअर केजीपासूनची पद्धत. फोन आला नाही. मी लावला तर बिझी. पुन्हा लावला, बिझी. चेचीशी बोलत असणार, हे मला ओरडून सांगायची गरज नव्हती. पेपर केमिस्ट्रीचा, शिकवलं चेचीने, मग उत्तरं पडताळायला ती चेचीलाच फोन करणार, हेही मला समजत होतं. समजतं म्हणून दुखायचं थांबत नाही. शेवटी तिचा फोन आला. "आई, सुपर गेला! चेची सेज नाइन्टी प्लस पक्का!" माझ्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा तिच्यावर निकालही लागून गेला होता. मी म्हटलं, "अरे वा." आणि हनानला म्हटलं, "आय विल जस्ट गो टू द वॉशरूम."

ऑगस्टात ती गेली. विमानतळावर माझ्या गळ्यात पडून रडली, त्यात काही कमी नव्हतं, मी मोजत असल्यासारखं तपासून घेतलं. पण त्याआधी घरून निघताना ती समोरच्या दारात किती वेळ उभी होती! खाली टॅक्सी थांबलेली, नवरा "इरा, यल्ला, चल" करत होता, आणि त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्या. मी बॅगांची चेन पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

घर रिकामं झालं म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी आणखी काय लिहू. पुढच्या वर्षी पुन्हा रमजान आला, पुन्हा ऑफिस लवकर सुटलं, आणि लिफ्टमधून बाहेर पडल्याबरोबर तोच वास. मी कुलपात किल्ली घातली आणि तशीच थांबले. मागून चेचीचं दार उघडलं. ती म्हणाली, "आज भी ज्यादा बन गया. हाथ को आदत हो गया है." तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, ही बाई माझी वाटच बघत होती. की इराची बघत होती आणि मी आले, कोण जाणे. मी चपला काढल्या. तिने ताट वाढलं. मी भेंडी खाल्ली, आणि तेव्हा पहिल्यांदाच मला तिची चव कळली, इतके दिवस मी ती रागाने हुंगतच आले होते. साधी, कोरडी, जराशी जळकट, कढीपत्ता दाताखाली कुरकुरणारा. वाईट या गोष्टीचं वाटलं की ती माझ्या भेंडीहून चांगली होती.

तेव्हापासून जाणं-येणं वाढलं. आता या रमजानात तर मी ऑफिसातून थेट चेचीकडेच जाते, पर्स तिच्याच सोफ्यावर टाकते. ती मला मल्याळममध्ये रागावते, मी तिला मराठीत. माझ्या पोळ्या तिचा नवरा खातो, तिचा भात मी.

परवा आम्ही अशाच जेवायला बसलो होतो आणि इराचा व्हिडिओ कॉल आला. तिची परीक्षा जवळ आलीय, हॉस्टेलवर मेसचं जेवण, ओठ वाळलेले. मी उजव्या हाताने भात कालवत होते म्हणून डाव्या हाताने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. त्यामुळे तिला सगळं दिसलं. ताट, उप्पेरीचा ढीग, मागून वाढायला आलेला चेचीचा हात.

"तू चेचीकडे आहेस?" ती म्हणाली. मग फोन जवळ घेऊन, "यू गाइज ईट टुगेदर? एव्हरी डे?"

"रोजच. मग काय, उपाशी बसू?"

"नो नो. इट्स फाइन."

ते ‘फाइन’ माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. दारात उभं राहून, नाकपुड्या जराशा फुगवून, घरी जाऊन जेवेन असं सांगणाऱ्या बाईचं ते ‘फाइन’ होतं. माझी पोरगी जळत होती. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की मी आणखी भेंडी वाढून घेतली आणि कॅमेऱ्यासमोर धरून एकेक पदार्थाचं नाव सांगितलं. आज ताकाची कढी आहे, आज पापड आहेत, कैरीचं ताजं लोणचं घातलंय. ज्याला आपण परके, त्याच्या पोटात कशाला दुखेल? दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माझ्यासमोर पाण्याच्या जगला टेकून बसलं होतं. ती माझ्यावर जळतेय की चेचीवर, एवढंच कळत नव्हतं, म्हणून विचारूनही घेतलं.

"काय गं, कुणावर जळतेस? माझ्यावर की हिच्यावर?"

पडद्यावर नुसता हॉस्टेलचा पंखा दिसायला लागला. तिने फोन पलंगावर ठेवला होता. पंखा फिरत राहिला आणि मला ती नाक ओढताना ऐकू आली. माझा आनंद तिथल्या तिथे उतरला. पोटात दुखतं तेव्हा कसं दुखतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"इरा," मी म्हटलं, "ऐक ना. तुला म्हणून सांगते. आज भेंडी पार बिघडलीय. चिकट झालीय, मीठही जास्त. तू नाहीस तेच बरं."

भेंडी उत्तम झाली होती. मी चेचीकडे बघून डोळा मारला. पण केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला डोळा मारून काही उपयोग नसतो. मराठी तिला येत नाही, ‘बिघडली’ मात्र बरोबर कळलं.

"क्या बिगडी?" चेची हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. "मेरी वेंडक्का बिगडी? किसने बोला? आपने बोला?"

"अरे चेची, वो मैं बस ऐसे ही..."

"दो बार लिया आपने! अच्छा नहीं है तो मत खाओ." आणि तिने माझ्यासमोरचं भांडं उचललं.

पंखा हलला आणि पडद्यावर इराचा ओला चेहरा आला. "येस, चेची!" ती ओरडली. "डोंट गिव्ह हर! एक पण देऊ नको!"

"नहीं दूंगी," चेचीने तिला शब्द दिला.

दोघी एका बाजूला झाल्या, पुन्हा. जिच्यासाठी मी खोटं बोलले ती तिकडे पुण्यात पलंगावर लोळून हसत होती, भेंडीचं भांडं टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला गेलं होतं, आणि मी इकडे जळत, कोरडा भात चिवडत बसले होते.